टकळीचा पाहुणा

ताईच्या मागच्या दाराची कडी सैल झाली होती, ती बसवायला मी गेलो होतो. काम तेवढंच. स्क्रू, पेचकस आणि लाकडाची एक ढलपी खिशात टाकली आणि निघालो. चहा तिच्याकडेच प्यायचा असं ठरवून घरून न पिता गेलो होतो.

मी पिंजरे करतो. कसले पिंजरे, असं लोक विचारतात. मी सांगतो, ज्याला जसा लागेल तसा. एका सासूबाईंना जावयासाठीही करून दिलाय, पत्रा मात्र त्यांनी जाड सांगितला होता. सर्कशीतल्या एका अस्वलाने दार फार करकरतं म्हणून माझ्याकडे तक्रार केली होती आणि बिजागरीला तेल दिल्यावर माझा हात हातात घेऊन आभार मानले होते. यातलं किती खरं धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. ताई तर म्हणते की मी पाळण्यात रडायचो तेही खोटंच रडायचो. तेव्हा पुढचं वाचताना तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही. मीच हसलो असतो, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर.

माझ्या धंद्यात माझे जोडीदार होते भाऊजी, ताईचे यजमान. मी जेवढा बोलका तेवढेच ते अबोल. गिऱ्हाईक मी गोळा करायचो आणि वेल्डिंग ते करायचे. प्राण्यांच्या दवाखान्याला, पक्ष्यांच्या बागेला, सर्कशीला, सगळीकडे आमचा माल. त्यात सगळ्यात अवघड काम बंद पेटीचं. रानटी जनावर गाडीतून न्यायचं तर जाळीचा पिंजरा चालत नाही, बाहेरचं दिसलं की ते बिथरतं. म्हणून चारी बाजूंनी पत्रा, वर हवेपुरती झडप, आत काळोख. अशी पेटी तपासायची आमची एक रीत होती. वरची झडप पोत्याने झाकायची, एकाने आत जाऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून कडी घालायची. आतल्याने डोळे फाडून बघायचं. उजेडाचं टोक जिथे दिसेल तिथला वेल्ड कच्चा. तिथे खडूने खूण करायची आणि सगळ्या कडा बघून झाल्या की म्हणायचं, "उघडा."

बाहेरच्याने त्या क्षणी उघडायचं. हातातलं काम टाकून. झालं का, काय दिसलं, असलं काही विचारायचं नाही. अंधारात माणसाला काय होईल सांगता येत नाही, छातीवर दडपण येतं, श्वास अडकतो. म्हणून "उघडा" म्हटलं की कडी निघालीच पाहिजे. इतकी वर्षं आम्ही ते पाळलं की पुढे पुढे शब्द कानाला लागायच्या आत हात कडीवर असायचा.

तर कडी बसवायला गेलो तो दिवस. दुपार कलली होती, ढग दाटून आले होते पण पाऊस नव्हता. ताईचं घर वस्तीच्या अगदी टोकाला आहे. मागे अंगण, अंगणात पत्र्याची शेड आणि कुंपणापलीकडे खडकाळ चढ. त्या चढाच्या माथ्यावर जुनी दगडखाण. खाण तेव्हा चालू होती. भाऊजी तिथलं यंत्र दुरुस्त करायला जायचे, आणि एकदा सुरुंगाच्या स्फोटानंतर तिथल्या कामगारांनी त्यांच्या डब्याच्या पिशवीत एक पिल्लू घालून दिलं. आई दगडांखाली गेली होती. सगळ्यांना वाटलं कुत्र्याचं आहे. महिन्याभरात पाठीवर आयाळ उभी राहिली, पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब झाले, आणि मग कुणाला काही वाटायला जागा राहिली नाही. तरसाचं होतं.

"सोडून द्या," मी म्हणालो होतो. "तरसाच्या गोष्टी मी सांगायला लागलो तर तुम्हाला झोप यायची नाही." मेलेल्यांची थडगी उकरतं, चेटकिणी त्याच्या पाठीवर बसून फिरतात, कुंपणाबाहेर उभं राहून माणसाला माणसाच्या आवाजात हाक मारतं. हे मी रचलेलं नाही. तरस जिथे जिथे आहे तिथे तिथे लोक हेच सांगत आलेत.

पण माझी भाची ऐकेल तर ना. ती तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. तिचं पाळण्यातलं नाव कुणी घेत नसे, सगळे तिला टकळी म्हणायचे. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंड चालू. भिंतीशी बोलायची, चपलेशी बोलायची, दात घासताना फेसातून बोलायची. भाऊजींच्या वाट्याचे शब्द हिला मिळालेत, असं मी म्हणायचो. तिने त्या पिल्लाचं नाव ठेवलं पाहुणा. बाटलीने दूध पाजलं, मांडीवर घेतलं, आणि दिवसभरात जे जे घडेल ते ते त्याच्या कानात ओतलं. तो मान वाकडी करून ऐकायचा. कधी गुरगुरला नाही, भुंकला नाही, ते तरसाचं हसणं म्हणतात तेही नाही. एवढं शांत जनावर मी पाहिलं नव्हतं.

मी दारापाशी गुडघ्यावर बसून जुने स्क्रू काढत होतो. शेडमधून टकळीचा आवाज आला.

"काय करतोस?"

"कडी बसवतोय," मी मान वर न करता म्हणालो.

"कशाला?"

"तुला कोंडायला. फार बडबडतेस."

मग अगदी हळू, "कोंडशील?"

मी हसलो. पेचकस तोंडात होता म्हणून उत्तर दिलं नाही. तेवढ्यात घरातून ताई आली, टकळीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आंघोळ घालून तिला बखोटीला धरून आणत होती. पोरीच्या कानामागे अजून साबणाचा फेस होता.

"कुणाशी बोलतोयस रे?" ताईने विचारलं.

मी शेडकडे बघितलं. दारात पाहुणा बसला होता, पुढचे पाय जुळवून, मान वाकडी करून. माझ्याकडे बघत होता.

"स्वतःशी," मी म्हणालो. पहिल्यांदाच माझ्या तोंडून इतकी छोटी थाप निघाली असेल.

टकळीने माझ्या हातातल्या पेचकसाकडे बोट दाखवलं. तिचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. "का... का..." तिने दोनदा प्रयत्न केला. मग वैतागून पाय आपटला आणि आत निघून गेली.

"दोन-तीन दिवस असंच चाललंय," ताई म्हणाली. "मध्येच अडकते. दात हलतोय तिचा, म्हणून असेल."

चहा झाला. निघताना शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी फाटकाशी मला गाठलं. "तुमच्या टकळीची कुणी मैत्रीण राहायला आलीय का हो? मागे दोघी अखंड बोलत असतात. आवाज तर अगदी एकासारखा एक."

त्यानंतर ते आमच्या डोळ्यांसमोर होत गेलं आणि आम्ही बघत राहिलो. आधी तिची गाणी गेली. एक ओळ म्हणायची आणि दुसऱ्या ओळीला नुसता श्वास. मग लांबलचक वाक्यं गेली. एके दिवशी ती जेवताना पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवायला लागली. ताई म्हणाली, "तोंडाने माग की." टकळीने आईकडे नुसतं बघितलं. तिचे डोळे भरले. आणि अंगणातून आवाज आला.

"पाणी."

मग जरा थांबून, नवीन धडा गिरवावा तसा, "पाणी. पाणी. पाणी."

भाऊजींच्या हातातला घास तसाच राहिला.

घशाच्या डॉक्टरांनी दिवा लावून बघितलं. घसा उत्तम आहे, म्हणाले. दुसऱ्यांनी विचारलं, घरात भांडणं होतात का. तिसऱ्यांनी गोळ्या दिल्या, त्यांनी तिला झोप यायची. शेडमधून मात्र आता दिवसभर बोलणं चालू असायचं, तिचंच, तिच्याच सुरात, शाळेतल्या बाईंची नक्कल, चपलेशी भांडण, सगळं. ताई भांडी घासता घासता रडायची, कारण आपली पोर बोलते आहे असं कानाला वाटायचं आणि पोर समोर मुकाट बसलेली असायची.

एका संध्याकाळी भाऊजींनी लोखंडी पहार उचलली. मी तिथेच होतो. ते सरळ शेडकडे चालू लागले. ताई त्यांच्या आधी पोचली आणि दारात आडवी उभी राहिली. तिच्या पाठीशी काळोखात दोन डोळे चमकत होते.

"बाजूला हो," भाऊजी म्हणाले.

"त्याच्या घशात माझी पोर आहे," ताई म्हणाली. "त्याला मारलंत तर ती कुठून आणणार तुम्ही?"

भाऊजींनी पहार खाली ठेवली, आवाज होऊ नये इतकी हळू.

त्या रात्री जेवण कुणाला गेलं नाही. ताई माझ्यासमोर येऊन बसली. "तू जन्मभर थापा मारत आलास," ती म्हणाली. "तरसाच्या इतक्या गोष्टी सांगतोस. एखादी तरी अशी असेल की नाही... ज्यात आवाज परत येतो?"

अशी गोष्ट मला माहीत नव्हती. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना, आणि माझं तोंड, तुम्हाला ठाऊक आहे, रिकामं राहत नाही.

"आहे," मी म्हणालो. "एका म्हाताऱ्या मेंढपाळाने सांगितलेली. तरस जे ऐकतं ते धरून ठेवतं. पण त्याला ते रोज ऐकावं लागतं. माणसाचं बोलणं त्याच्या कानावर पडायचं बंद झालं, पार बंद, की ते एकेक शब्द विसरतं. आणि विसरलेला शब्द ज्याचा त्याच्याकडे परत जातो."

"खरंच?"

"मेंढपाळाच्या मुलाचा आला होता," मी म्हणालो.

असा मेंढपाळ मला कधी भेटलेला नाही.

भाऊजींनी मात्र ते ऐकल्याबरोबर उठून जमिनीवर कोळशाने आकृती काढली. दुहेरी पत्र्याची पेटी, मध्ये जुन्या गाद्यांचा कापूस. आवाज आत जायचा नाही. खाली खाणं सरकवायला झडप. ते काढत होते आणि मी बघत होतो, आणि काय सांगू, त्या रेघा बघता बघता माझाही माझ्या गोष्टीवर विश्वास बसला.

पेटी मोठी होती, म्हणून ताईच्या अंगणातच बांधली. पत्रे, अँगल, ग्राइंडर, सगळं गाडीतून आणलं. ठिणग्या उडायच्या तेव्हा पाहुणा शेडच्या दारात बसून त्या बघत राहायचा. आम्ही दोघं काम करताना एकमेकांशी खुणेनेच बोलत होतो. ताईने तशी सक्त ताकीद दिली होती, आता याच्या कानावर एकही शब्द पडता कामा नये. आम्ही पाळत होतो. कधी नव्हे ते मीही पाळत होतो, जीभ चावून.

पेटी पूर्ण झाली. मग आम्ही ती तपासली.

पेटी न तपासता आमच्या हातून कधी गेलीच नव्हती. झडप पोत्याने झाकली, मी आत शिरलो, भाऊजींनी कडी घातली. कापसाचा, नव्या वेल्डचा आणि गंजाचा वास. मी कडा बघत गेलो. डाव्या कोपऱ्यात तळाशी सुईच्या अग्राएवढा उजेड होता. खूण केली. मग दुहेरी पत्र्यातून ऐकू जावं म्हणून जोरात म्हणालो, "उघडा."

भाऊजींनी कडी काढली. कोपरा भरला. मी पुन्हा आत गेलो. आता पार काळोख होता.

"उघडा," मी म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा पाहुणा शेडच्या दारातच होता. कान पुढे, मान वाकडी. त्याच्याकडे आम्ही दोघांनीही बघितलं. ते माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे की आम्ही बघितलं होतं. पण ते काम होतं हो. काम करताना जे म्हणतो त्याला बोलणं म्हणतात हे डोक्यातच आलं नाही.

मांसाचा तुकडा आत ठेवला, तर तो स्वतःहून चालत गेला, जसा काही त्याला कुणी बोलावलं होतं. कडी घातली.

मग घर मुकं झालं. ताई अनवाणी फिरायची. भांडी टॉवेलवर ठेवायची. शिवणवाल्या काकूंना काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनीही आपलं मशीन रस्त्याच्या बाजूला हलवलं. पहिले काही दिवस पेटीजवळ कान नेला तर आत टकळी बोलत असल्यासारखं पुसट ऐकू यायचं. मग तुटक. मग एकेक शब्द, खूप वेळाने.

आणि एका दुपारी टकळी झोपेत कुशीवर वळली आणि म्हणाली, "अं हं."

नुसतं तेवढंच. पण आवाजात. ताईने मला हाताला धरून ओढत नेलं आणि आम्ही दोघं तिच्या उशाशी बसून राहिलो. दोन दिवसांनी तिच्या पायाला उंबरा लागला आणि ती ओरडली, "आई गं." ताईने टॉवेल तोंडात कोंबला आणि जमिनीवर बसून रडली, मोठ्याने रडू नये म्हणून टॉवेल. माझी थाप खरी होत होती. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

त्याच सुमारास दुकानात गेलो असताना एक बारीकशी गोष्ट झाली. मी रंगाच्या डब्याकडे बोट करून दुकानदाराला म्हणालो, "जरा तो डबा..." आणि पुढचा शब्द येईना. जिभेवर होता. दुकानदार वाट बघत राहिला. शेवटी "झाकण काढा" म्हणालो. वय झालं, म्हटलं, आणि स्वतःवरच एक विनोद केला.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी सकाळी टकळी चार-पाच वाक्यं बोलली होती. अडखळत, पण बोलली. दूध नको म्हणाली. फ्रॉक टोचतो म्हणाली. ताई इतकी हलकी झाली होती की तिने मला खुणेने एक शिवी दिली, जुन्या सवयीने. मी पेटीसाठी आणखी कापूस आणायला बाजारात गेलो. भाऊजी अंगणात पेटीला पाठ टेकून बसले होते, मांडीवर एक बिजागरी घेऊन कानशीने घासत.

पुढचं मला त्यांनी सांगितलं, आणि मग कितीतरी वेळा सांगितलं.

दुपार होती. ऊन नव्हतं, वारा नव्हता. कानस चालली होती. आणि पाठीमागून, अगदी जवळून, माझा आवाज आला. "उघडा."

"हात गेला रे," भाऊजी म्हणायचे. "मी नाही गेलो. हात गेला. कडी निघाल्यावर मला आठवलं की तू बाजारात आहेस."

पाहुणा बाहेर आला. सावकाश आला, झडप घातली नाही, दात दाखवले नाहीत. भाऊजींच्या गुडघ्याला अंग घासून पुढे गेला. मागच्या दारात टकळी उभी होती. त्याला बघून ती पळाली नाही. एवढे दिवस तिने त्याला बघितलं नव्हतं, आणि तो तिचाच होता.

तो कुंपणाकडे वळला तशी ती म्हणाली, "जाऊ नको."

तो थांबला. मान वाकडी करून त्याने ते नीट ऐकून घेतलं. मग कुंपणाखालून अंग चेपून निघाला आणि चढावर दिसेनासा झाला.

मी कापूस घेऊन आलो तेव्हा अंगणात तिघंही उभी होती. वरून, खाणीच्या बाजूने, तिचा आवाज येत होता, खेळायला बोलावल्यासारखा. "जाऊ नको. जाऊ नको." टकळी दारात तोंड उघडं ठेवून उभी होती. त्यातून त्यानंतर काहीच आलं नाही. आजतागायत नाही.

आम्ही सापळे लावले. माणसं नेली, कुत्री नेली. कुत्री चढाच्या मध्यावर जाऊन बसून घ्यायची. भाऊजींनी त्यानंतर कधीही कुठली कडी उघडली नाही. घराच्या दारापाशी येऊन उभे राहायचे, हात पाठीशी बांधून, कुणीतरी आतून काढेल म्हणून. पावसातही तसेच उभे राहायचे. कारखाना मी एकट्याने चालवला. ते गेले तेही असेच. ताई आणि टकळी बाहेर गेल्या होत्या, त्या परत आल्या तर ते आपल्याच घराच्या बंद दाराशी बसलेले होते. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. आणि मी एवढा बोलघेवडा माणूस, पण 'उघडा' हा एक शब्द मला लिहिता येतो, म्हणता येत नाही. तोंडाजवळ येतो आणि नुसती वाफ निघते.

आता टकळी मोठी झाली आहे. शिवणवाल्या काकूंकडून तिने काम शिकून घेतलं, हात सफाईदार आहे, गिऱ्हाइकांना हवं ते लिहून विचारते. नाव अजून तेच आहे, बदलायचं कुणाला सुचलं नाही. खाण बंद पडली, तिच्यात पाणी साठलं. आणि रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, तिथून हाक येते.

तो आवाज लहान मुलीचा राहिलेला नाही. तो वाढला. मध्ये काही दिवस घोगरा झाला होता, वयात येताना होतो तसा, आणि मग भरला. आता ऐकलं तर कुणीही म्हणेल, एक तरुण मुलगी बोलते आहे. तरसं इतकी वर्षं जगत नाहीत, असं प्राण्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

ताई रोज जाते. कुंपण ओलांडून, चढ चढून, खाणीच्या कडेला एका दगडावर बसते. आधी मी भांडलो. "पोर घरात बसलीय तुझी," म्हटलं. ती म्हणाली, "तिला मी बघते की रोज. ऐकायला कुठे जाऊ?" मग मी भांडायचं सोडलं आणि तिच्यासोबत जायला लागलो. आवाज पलीकडच्या कडेवरून येतो. झाडोऱ्यातून. "आई," म्हणतो, "आलीस?" ताई त्याला दिवसभराचं सांगते. तो ऐकतो. कधी हसतो, आणि ते हसणं तरसाचं नाही, तिचं आहे.

मागच्या आठवड्यात आवाज म्हणाला, "आई, पुढे ये ना." ताई दगडावरून उठली. मी तिचा दंड धरला. तिच्या पायापुढे हातभर जमीन होती आणि मग खाली काळं पाणी.

परवा माझा गुडघा धरला म्हणून मी वर गेलो नाही. ताईने मला खूप वचनं दिली, दगडावरून उठणार नाही म्हणून, आणि एकटी गेली. मी मागच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो. टकळी खिडकीपाशी मशीनवर होती, बाही जोडत होती. उजेड कमी झाला तशी तिने पाय थांबवला आणि खिडकीबाहेर चढाकडे बघत राहिली. मला ती बाजूने दिसत होती.

तिचे ओठ हलले.

मला वाटलं, हाक ऐकून ती मनातल्या मनात म्हणते आहे. माणूस म्हणतो तसं. पण हाक अजून आलीच नव्हती. ओठ मिटले. सावकाश एक श्वास गेला. आणि मग वरून, खाणीकडून, आवाज आला, "आई, आलीस?"

पुन्हा ओठ. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिच्या ओठांकडे बघून मला शब्द लागत होते. आधी ओठ, मग टेकडी. एकदाही उलटं झालं नाही.

"पुढे ये," तिचे ओठ म्हणाले. "अजून थोडी."

मी गुडघ्याची पर्वा न करता धावलो. कसा चढलो ते माहीत नाही. ताई कडेवर उभी होती, चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. मी तिला मागे ओढलं, दोघंही खडकावर पडलो. तिने मला मारलं, चावली, आणि मग माझ्या छातीवर डोकं ठेवून निपचित पडली. "मी बोलतच होते तिच्याशी," एवढंच म्हणाली.

तिला घेऊन खाली आलो. टकळीने कंदील लावला होता, दिवे गेले होते म्हणून. आईचे खरचटलेले हात तिने गरम पाण्याने पुसले, फुंकर घालून औषध लावलं, अंगावर पांघरूण घातलं. इतक्या प्रेमाने की माझ्या मनात आलेल्या सगळ्याची मला लाज वाटली. ताई झोपली. मी टकळीला काही विचारलं नाही. विचारलं तर ती लिहून देईल, तिचं अक्षर फार सुंदर आहे, आणि मला ते वाचायचं नाही.

आता मी इथेच राहतो. मागच्या दाराला मी आतून अडसर घालून कुलूप लावलं आहे, किल्ली गळ्यात आहे. ताई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. संध्याकाळी हाक येते, आणि ती उठून दाराला कान लावते. मी मध्ये बसतो.

हे लिहितोय तेव्हा बाहेर अजून थोडा उजेड आहे. टकळी मशीनवर आहे. आत्ताच तिने पाय थांबवला. पण आज ती खिडकीकडे वळली नाही, माझ्याकडे वळली. हसली, लहानपणी हसायची तशी. मग तिचे ओठ हलले, अगदी स्पष्ट, मला वाचता यावं इतके सावकाश.

"मामा," ते म्हणाले. आणि पुढे माझाच शब्द, जो मला आता फक्त लिहिता येतो.

आवाज अजून यायचा आहे.